उशापाशी कोण

"आधी हा बिल्ला सरळ कर," आई म्हणाली. "वाकडा राहिला तर फोटोत मीच वाकडी दिसेन."

मुलीने बिल्ला सरळ केला. दवाखान्यातून ती थेट सभागृहामागच्या या खोलीत आली होती. दुपारी बाबा गेले, तेव्हा त्यांच्याजवळ ती एकटीच होती. ती बातमी तिने रस्ताभर गिळून ठेवली होती. आज आईला कुटुंब-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा जीवनगौरव मिळत होता. उभी हयात देशोदेशीच्या घरांतून फिरून आईने एकच प्रश्न विचारला होता: मरणाऱ्या माणसाच्या उशापाशी घरातलं कोण बसतं?

सन्मान होऊ दे, मग सांगू. तिची संध्याकाळ तरी नासायला नको.

"बाबा कसे आहेत?" फोनवरचा निरोप वाचून तो पालथा ठेवत आईने आरशात बघत विचारलं.

"झोपलेत."

"झोपू दे."

सकाळपासून बाबा दाराकडे बघत होते. "ती आली का?" दर वेळी मुलगी म्हणे, "निघालीय." बाबा एकदाच हसले होते. "जगाची स्वयंपाकघरं पालथी घातली तिने. आपल्याकडे साखरेचा डबा कुठे आहे, ते अजून मला विचारते." मग पुन्हा दाराकडे.

"आई, ऐक ना..." मुलीचा धीर सुटला.

"आत्ता काही सांगू नकोस, बाळा. भाषण डोक्यातून जाईल."

बिचारी घाबरलीय, मुलीला वाटलं.

परिषदेचे सचिव दारातून डोकावले. "चला मॅडम, दुभाषेसुद्धा घसा खाकरून बसलेत. ताई, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत."

आईने जाता जाता मुलीचा गाल थोपटला. "डोळे पूस. आनंदाने रडायला नंतर भरपूर वेळ आहे."

सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आईने मानचिन्ह छातीशी धरलं. खाली मुलगी मनातल्या मनात शब्द जुळवत होती. आई, आधी बस. आई, पाणी पी. आई, बाबा...

टाळ्या विरल्या. आईने माईक जवळ ओढला.

"आयुष्यभर मी लोकांना विचारलं, उशापाशी कोण होतं? आज उत्तर द्यायची पाळी माझी आहे," ती शांतपणे म्हणाली. "आज दुपारी माझे पती गेले. शेवटच्या क्षणी त्यांचा हात माझ्या हातात होता."