कुलूप

तीनपैकी दुसरं सत्र संपलं तेव्हा सायबेरियातल्या त्या लहानशा गावाचा आइस हॉकी संघ पाच गोलांनी मागे होता. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये घाम पुसत असतानाच क्लबचे नवे मालक आत आले.

"आता आणखी हसं करून घेऊ नका. सामना सोडून द्या. आजपासून क्लब बंद."

याच संघाने एकेकाळी मॉस्कोच्या बलाढ्य संघांना इथे बोलावून हरवलं होतं. कर्णधार रोदिओनचे वडील तेव्हा गोलरक्षक होते.

रोदिओनने हेल्मेट चढवलं. "हरायचंच असेल तर खेळून हरू," म्हणत तो निघाला. त्याच्यामागे सगळे उठले.

ते हरलेच. पण शेवटच्या मिनिटाला रोदिओनने गोल केला, आणि अख्खं गाव उभं राहून असं ओरडलं, की जिंकलेले पाहुणेच गोंधळले.

"उद्या स्टेडियमला कुलूप लागेल," मालक बाहेर रोदिओनला म्हणाले.

"लावा की. नदीला कसं लावाल?"

सकाळी गावकरी गोठलेल्या नदीवरचं हिम फावड्यांनी बाजूला सारत होते. रोदिओनने स्केट्स बांधले, शिट्टी फुंकली आणि सराव सुरू झाला.