निरोपाचं औक्षण

धुळ्याजवळच्या तळावरचं म्हातारं लढाऊ विमान उद्या ट्रकवरून कायमचं जाणार होतं. पोळ्याला बैल ओवाळतात तसं त्याला ओवाळायचं गावाने ठरवलं आणि पहिला मान इंदिराबाईंना दिला. त्यांच्या नवऱ्याने, शालिग्रामने, तीस वर्षं त्याची देखभाल केली होती.

विमानाच्या हवा ओढणाऱ्या तोंडासमोर कधी उभं राहू नका, हे तोच सगळ्यांना ओरडून सांगायचा. म्हणून ताट घेऊन आलेल्या इंदिराबाई तिथे अडखळल्या.

शालिग्राम हसला. “इंजिन कालच काढी टाकेल शे. दख, बठ्ठं रिकामं शे.” आणि त्याने त्या तोंडात डोकं घातलं.

मंडपाची झालर हलत नव्हती. तरी निरांजनाची ज्योत आडवी होऊन विमानाकडे ताणली गेली. ताटातल्या अक्षता उडून आत गेल्या. पत्र्यावर पडल्याचा आवाज आला नाही. मग त्याची टोपी गेली. तिचाही नाही.

“अहो, मांगे व्हा!”

तो वाकलेलाच होता. त्याच्या टाचा चपलांतून हळूहळू वर उचलल्या जात होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा इंदिराबाईंनी नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. घसा फाटेस्तोवर मारली. ती त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंतही आली नाही.