धाब्यावरची माती

चंद्रभानने धाब्याच्या कडेला खुरपे रोवले. मातीचे ते छत वीतभर उकरले, तरी लाकूड लागले नाही. पांढऱ्या मातीचे थर एकावर एक चढले होते. मध्ये कुठे भुशाची रेघ, कुठे वाळल्या गवताची मुळे.

"काहो, घर घेऊन राहिले का वांगे लावून राहिले?" खालून घरमालक खुशालराव हसले.

चंद्रभान शिडीवरून उतरला. तो जातीचा माळी. यंदा कापसाला सोन्याचा भाव आला, म्हणून हाती आलेल्या पैशातून अमरावतीत भाड्याने द्यायला एखादे घर विकत घ्यावे, एवढीच त्याची उमेद होती. पण भिजलेली माती किती जड होते, हे त्याच्या खांद्यांना ठाऊक होते. तो आत गेला. मधली तुळई पोटात वाकली होती. तिच्याखाली दोन मुली कापसातली सरकी काढत बसल्या होत्या.

"वरती माती कोन टाकते?"

"मीच," मुलींची आई, भाडेकरीण गोदाबाई, अभिमानाने म्हणाली. "वीस सालं झाले. मिरगाच्या आधी दरसाल नवा थर देतो. थेंब गळत नाई, भाऊ."

"आन् जुना थर?"

"तो काहून काढाव? चांगला बसला राहते."

चंद्रभानने वर बोट दाखवले. मग त्याने सांगून टाकले, "पहिल्या झडीत हे खाली येईन, बाई. तुळई बदलाव लागते. घर खाली करा."

"जाऊ कुठी? माही बहीण दोन महिन्यांपासून खोली पाहून राहिली. जिथं मानूस मावे, तिथं लोकायनं कापूस भरला."

"माह्या मळ्यात चाला."

"आन् खाऊ काय? सरकीचं काम इथंच हाय."

चंद्रभान खुशालरावांकडे वळला. "कागदात लिहा, दिवाळीपर्यंत काई झालं त जिम्मा तुमचा."

"आजपासून बरंवाईट घेनाऱ्याचं, असाच कागद होईन. नाई पटत त राहू द्या. कापसाचा अडत्या वाट पाहून राहिला. त्याले खोल्या उद्याच खाली पायजेत."

गोदाबाईने चंद्रभानचे पाय धरले. "तुमीच घ्या, भाऊ. पोरी घेऊन रस्त्यावर कशी बसू?"

त्याने एकदा वाकलेल्या तुळईकडे पाहिले, एकदा मुलींकडे. घर घेतले तर काय होणार हे त्याला दिसत होते, आणि न घेतले तर काय होणार हेही. अखेर तो खाली बसला आणि खुशालरावांनी पुढे केलेल्या कागदावर सहीच्या जागी नांगराची निशाणी काढली.

गोदाबाईने पदर सावरला. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

"आता कोनी इचारलं, घर कोनाचं, त काय नाव सांगू, भाऊ?"

"चंद्रभान," तो तुळईकडे पाहत हळूच म्हणाला. "चंद्रभान माळी."

ती मुलींकडे वळली आणि ते नाव तिने त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतले.