पंचविसावी फांदी

हरीओमचं शेळ्यांचं झाड पहिल्या नंबरानं पास झालं. तरी तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. हरीओमही तेच धरून चाललाय.

तर दुपारचे चार वाजले होते आणि केनवडला चतुराबाईच्या शेळ्यांच्या गोठ्यात, चाऱ्यासाठी भरलेल्या कुटाराच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून हरीओम घामाघूम बसला होता. वाशीमला एका संशोधन केंद्रात तो अकरा महिन्यांच्या करारावर होता. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञांना जनुकांची माहिती संगणकावर वाचायला शिकवणारा एक ऑनलाइन वर्ग त्यानं लावला होता. नैरोबीच्या एक मॅडम तो घ्यायच्या. शेवटची परीक्षा अशी, की आपल्या भागातल्या जनावरांचं रक्त तपासून त्यांच्या नात्यांचं झाड काढा. पास झाला, तर पुढच्या तुकडीला शिकवायला केंद्र त्याला ठेवून घेणार होतं. नापास झाला, तर एक तारखेपासून त्याच्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन येणार होतं. मशीन आलंही होतं. व्हरांड्यात थांबलं होतं.

झाड निघालं. चोवीस शेळ्यांचं रक्त आणि पंचवीस फांद्या.

चूक त्याचीच. चतुराबाईनं शेळ्या पंचवीस सांगितल्या, त्यानं तक्त्यात पंचवीस ओळी आखल्या, रक्त चोविसांचंच मिळालं आणि शेवटची ओळ खोडायची राहिली. कोऱ्या ओळीला फांदी फुटत नाही. हिला फुटली होती, आणि तिच्याखाली नऊ शेळ्या लोंबत होत्या. ती फांदी काढली, की त्या नऊजणी एकमेकींच्या कुणीच लागेनात. खाली लाल अक्षरांत यायचं: आई सापडत नाही.

मॅडमचा निरोप होता, पंचविसावीचा फोटो पाचच्या आत पाठवा. नाहीतर सगळीच माहिती बनावट धरली जाईल.

"आजी, खरं सांगा, शेळ्या किती?"

"पंचवीस."

"मी चारदा मोजल्या. चोवीसच भरतात."

"तुले मोजता येत नाई, त्यात शेळीचा काय गुन्हा, डाक्टर?"

आपण डॉक्टर नाही, हे हरीओमनं तिला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तिनं त्याला गुडघा दाखवला होता.

त्यानं त्या नऊ शेळ्यांकडे एकेक करून बोट केलं. "ह्या नवांची माय कोण?"

"बांडी."

"कुठाय ती?"

"ते परसाली मेली न."

"मेली, तरी मोजता?"

"मंग? पुढं तेच चालाची. सांजच्याले तिले धरून नाई मोजलं, त बाकीच्या आत येत नाईत. एक डाव सोडली होती मोजाची. साऱ्याजनी दारात उभ्या, मांगं पाहून राह्यल्या. एक हालली नाई."

हरीओमनं घड्याळ पाहिलं. पावणेपाच.

"तिला उभी करा. फोटो काढायचाय," तो म्हणाला, आणि हे आपणच म्हणालो याचं त्याला नवल वाटलं. एम.एस्सी.ला त्याला डिस्टिंक्शन होतं.

चतुराबाईनं जीभ टाळ्याला लावून दोनदा आवाज केला. चोवीसही शेळ्या कडेला सरकल्या. मधे एका शेळीपुरती जागा राहिली.

"घे. हां, इकडून नको. तिकडं तोंड हाय तिचं."

तो वळसा घालून पलीकडे गेला. मोबाइल धरला. पडद्यावरचा पिवळा चौकोन जरा भटकला आणि त्या मोकळ्या जागेवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थांबला. मग बारीक बारीक हलू लागला, रवंथ केल्यासारखा. हरीओमनं बटण दाबलं. फोटोत भिंत, खुंटी आणि लेंड्या. चार बावन्न झाले होते, म्हणून त्यानं तोच पाठवून दिला.

फोटो जाईपर्यंत तो उभा राहिला. तेवढ्यात त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कुणीतरी ओढू लागलं. सावकाश, चघळत. त्यानं मान वळवली नाही. समोरच्या मोजल्या. चोवीस. चतुराबाई धरून पंचवीस, पण तीही समोरच होती.

उत्तर दोन मिनिटांत आलं. अभिनंदन, तुम्ही पहिले आलात. शेळी देखणी आहे, डोळे मात्र जरा आजारी वाटतात. कानात बिल्ला दिसत नाही. बिल्ल्याचा नंबर कळवल्याशिवाय निकाल नोंदवता येणार नाही.

हरीओमनं फोटो पुन्हा उघडला. भिंत. खुंटी. लेंड्या.

"काय म्हंते तुही मास्तरीन?"

"तिचे डोळे आजारी वाटतात म्हणे."

"दिसलं का तिले?" चतुराबाई खूश झाली. "डोळ्याचंच झालं होतं तिले. नाई त गेली नसती."

सदऱ्याचं टोक ओलं झालं होतं. हरीओम पोत्याशी बसला, वहीचं पान फाडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागला.

"प्रति, मा. पशुधन विकास अधिकारी. विषय: शेळीस कानाचा बिल्ला मिळणेबाबत. महोदय, मौजे केनवड येथील श्रीमती चतुराबाई यांची शेळी नामे बांडी ही मागील वर्षी मयत झालेली असून सध्या कळपात हजर आहे. तरी सदर शेळीस नियमानुसार बिल्ला मारून मिळावा, ही नम्र विनंती. बिल्ला मारतेवेळी शेळी धरून ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील."