कॅप्टनचं नवं तोंड

कुमुदमावशीची साडेसातची मालिका सुरू व्हायला आली, तरी भाचा आणि त्याचे मित्र टीव्हीसमोर भांडतच होते. अंतराळाच्या मालिकेत मंगळावर मेलेला कॅप्टन सिनेमात जिवंत कसा, तोही नव्या तोंडानं? कोणी म्हणे समांतर विश्व, कोणी म्हणे क्लोन.

मावशीचा जीव रिमोटमध्ये अडकला होता. "प्रेत दाखवलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही. यानच फुटलं."

"मग मेलाच नाही तो. भाजला आणि प्लास्टिक सर्जरी झाली. मिटलं?"

मावशीनं ऐटीत रिमोट उचलला.

पडद्यावर नायिकेनं ‘अहो’ म्हणून ज्याला चहा दिला, तो कालचा नट नव्हता.

"हा मेला कोण?" मावशी कडाडली. "नवरा असा बदलतात का?"

भाचा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "भाजला असेल गं, मावशी."