खेरडीच्या शेतातले पाहुणे

“आज मीपण येतो तुझे पक्षी बघायला,” राजेंद्र म्हणाला आणि त्यानं गाडीची किल्ली उचलली.

भारतीला नाही म्हणायला कारण सुचलं नाही. एरवी आठवड्यात मधल्याच वारी, तो ड्युटीवर गेला की ती रिक्षानं एकटीच खेरडीला यायची. रविवारीसुद्धा त्याला कारखान्यात काम निघायचं. आज मात्र निघालं नाही.

फाट्यावरून आत वळून त्यानं गाडी आंब्याखाली लावली. भात कापून झालं होतं. ओल्या खाचरात धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरत होते. एक काळं कुत्रं धावत आलं, राजेंद्रचे बूट हुंगून तिथेच बसलं.

“थंडीत येतात हे,” भारती म्हणाली. “हिमालयापलीकडून.”

“सगळे पोचतात?”

“पोचतात ते दिसतात.”

दुर्बीण तिनं त्याच्या हातात दिली नाही. बांधापलीकडे एक कौलारू घर होतं. ती येत होती ती त्या घरासाठी. त्यांच्या लेकीनं, नेहानं, गोकुळशी लग्न केलं. गोकुळ राजेंद्रच्याच हाताखाली मशीन चालवायचा. ‘आपल्या घरात तिचं नाव काढायचं नाही,’ असं राजेंद्र तेव्हा म्हणाला होता आणि भारतीनं ते पाळलं होतं. लेकीचं वाढतं पोट तिनं दुर्बिणीतूनच पाहिलं.

मागच्या खेपेला घराला कुलूप होतं. सून बाळंतपणात अडली, सिल्वासाच्या दवाखान्यात नेली, एवढंच शेजारच्या शेतातल्या बाईकडून कळलं. तेव्हापासून भारतीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“काय दिसतंय?” राजेंद्रनं विचारलं.

“गप्पीदास. शेपटी उडवत कुंपणावर बसलाय.”

दोरीवर दुपटी वाळत होती. मग दार उघडलं. गोकुळची आई मंजुळाबाई बाहेर आली. तिच्यामागून नेहा, डोक्याला रुमाल बांधलेली, जपून पाऊल टाकत. ती उन्हात खाटेवर टेकली. मंजुळाबाईनं तिच्या मांडीवर बाळ ठेवलं. बाळानं मूठ उगारली तशी नेहा हसली.

भारती बांधावरच बसली. दोघंही सुखरूप होती. जीव भांड्यात पडला.

“डोळ्यांत पाणी कसलं?”

“वारा आहे.”

राजेंद्रनं खाली वाकून कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“निघू या,” ती म्हणाली. आता तिला आणखी काही बघायचं नव्हतं.

“थांब की. एवढं आलोय तर बघू नीट.”

तिनं पुन्हा दुर्बीण लावली. अंगणात मंजुळाबाई नव्हती. ती बांधावरून थेट त्यांच्याकडेच येत होती. भारती घाईनं उठली. आता हा ओरडणार, त्या बिचारीला काहीबाही बोलणार. मध्ये पडायचं, असं ठरवून ती नवऱ्याच्या पुढे उभी राहिली.

मंजुळाबाईनं पदर सारखा केला आणि भारतीच्या खांद्यावरून राजेंद्रकडे बघत म्हणाली, “व्याही, दर रविवारी एकटेच येता, आज विहीणबाईंनापण आणलंत, बरं केलंत. चला, नातू जागा हाय.”