आरपार जाईल अशी

डुक्कर समजून अमरसिंहरावांनी सास्तूरच्या धनाजी ओताऱ्याचं राखणीचं कुत्रं मारलं. कुत्र्याच्या पोटातून निघालेली चपटी गोळी धनाजीनंच ओतलेली होती. ती त्यानं रावांपुढं ठेवली. माफी दूरच, राव खेकसले, "हिचा तर पापड झालाय! शिसं लई मऊ वापरतोस. आता कडक ओत, आरपार जाईल अशी." मऊ गोळी आत पसरते म्हणूनच जनावर जागेवरच कोसळतं, हे एरवी धनाजीनं समजावलं असतं. त्या दिवशी तो फक्त "व्हय मालक" म्हणाला. मग शिशात भंगारातली छापखान्याची जुनी, कडक धातूची अक्षरं वितळवून त्यानं दगडासारख्या गोळ्या ओतल्या. आठवड्यानं गोळी सुईसारखी डुकरातून आरपार गेली, चवताळलेलं डुक्कर रावांवरच उलटलं आणि राव बंदूक टाकून बाभळीवर चढले. धनाजी बांधावरनं हात जोडून ओरडला, "उतरा मालक! खाली डुक्कर कुठंय? मला तर कुत्रंच दिसतंय!"